लिंबाचा रस आणि कुलुपातली विद्या



इंग्रजांच्या समुद्रपर्यटनाच्या पुस्तकांत राणी, सरदार व सावकार यांचीच नावे मोठ्या अक्षरांत असतात. ज्यांनी दोर ओढले, शिडे आवरली व वाटेतच प्राण सोडले, त्या खलाशांची आठवण कोण काढतो? आज आम्ही त्यांचीच गोष्ट सांगणार आहो.

३१ डिसेंबर १६०० रोजी राणी एलिझाबेथने लंडनच्या व्यापाऱ्यांस सनद दिली. पूर्वेकडील व्यापार पंधरा वर्षे त्यांचाच. दुसऱ्या इंग्रजाने त्यात हात घालावयाचा नाही. हीच ती ईस्ट इंडिया कंपनी. १६०१ साली जेम्स लँकेस्टरच्या हाताखाली तिची चार जहाजे मिरी आणावयास सुमात्रा-जावाकडे निघाली. माणसे सुमारे ४८०. त्यांपैकीच हेक्टर हे जहाज १६०८ साली सुरतेस आले. पुढचे आपण सर्वांनी भोगलेच आहे.

महिनोन्‌महिने खारवलेले मांस व वाळकी बिस्किटे खाऊन खलाशांस स्कर्व्ही जडे. हिरड्या सुजत, दात हालत, अंगातले त्राण जाई व माणूस मरे. या सफरीत आफ्रिकेचे दक्षिण टोक ओलांडण्यापूर्वीच १०५ माणसे दगावली. तीन जहाजांवर नांगर टाकण्याचीही ताकद उरली नव्हती. खुद्द लँकेस्टरच्या जहाजावरील माणसे मात्र बरीच धडधाकट होती. तीच इतरांच्या मदतीस धावली. कारण काय? लँकेस्टर त्यांस रोज सकाळी उपाशीपोटी तीन चमचे लिंबाचा रस देत असे!

मग दुसऱ्या दिवसापासून हा रस साऱ्या जहाजांवर गेला काय? नाही. १६१७ साली कंपनीचा शल्यवैद्य जॉन वुडॉल याने लिंबाचा गुण छापून सांगितला. तरी १७४० साली निघालेल्या अ‍ॅन्सनच्या आरमारी सफरीत हजारावर माणसे मेली, ती बहुतेक रोगानेच. १७४७ साली जेम्स लिंड याने बारा रोग्यांवर निरनिराळे उपाय करून पाहिले. ज्या दोघांस संत्री-लिंबे दिली ते सर्वांत आधी उठले. तरीही आरमारात लिंबाचा रस देण्याचा हुकूम सुटला तो १७९५ साली. म्हणजे १९४ वर्षांनी!

मोठमोठे वैद्य जुन्या ग्रंथांतील मतांस चिकटून बसले व रोग्यांस पाण्यातून गंधकाचा तेजाब पाजीत राहिले. बहुतेक खलाशी निरक्षर. त्यांचा अनुभव कोण विचारतो? पोथी जिंकली, माणूस मेला.

बंधूंनो, आमच्याकडेही विद्या अशीच कुलुपात होती. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढून त्या कुलुपावर घाव घातला. पण कुलूप फुटले म्हणजे धान्य आपोआप घरोघर जात नाही. ते वाटावे लागते. औषध असो, बियाणे असो, की कर्जाच्या कागदातील मेख असो, ज्यास कळले त्याने शेजाऱ्यास सांगावे. मुलामुलींस शाळेत घालावे, आणि पोथीत आहे म्हणून नव्हे तर अनुभवास आले म्हणून मानावे. एकाच जहाजावर रस ठेवून बाकीची तीन बुडू देणे, हे आपले काम नव्हे.