कागदावरचं नाव



२०२२ च्या ऑगस्टमध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुसच्या आमराई वॉर्डात एक अख्खं घर जमिनीत गेलं. माणसं वेळीच बाहेर पडली म्हणून वाचली. ती बातमी ऐकली आणि माझ्या डोळ्यांपुढे आपल्या माजी सैनिकांच्या घरातल्या काळ्या ट्रंका आल्या. डिस्चार्ज बुक, पीपीओ म्हणजे पेन्शनचा आदेश, सगळं त्या एकाच ट्रंकेत. घर गेलं, तर कागदही गेले. आणि त्यात काय लिहिलंय, हे बहुतेक घरांत फक्त फौजीलाच ठाऊक.

आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात. माहेरची कुंदा सासरी सुनंदा होते. फौजेच्या नोंदीत एक नाव, आधार कार्डावर दुसरं. नवरा आहे तोवर कुणाचं काही अडत नाही. तो गेला, की त्या बाईला सिद्ध करावं लागतं, की कुंदा ती मीच आणि सुनंदाही मीच. तेही तेरवी होते न होते तोच. मला हे फार लागतं. नवऱ्याने हयातीत नावाच्या दुरुस्तीचा एक अर्ज केला असता, तर तिच्या वाट्याला हे आलं नसतं.

मृत्युपत्र केलं की भागेल, असंही नाही. फॅमिली पेन्शन मृत्युपत्राने कुणाला देता येत नाही. ती मृताची इस्टेट नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये स्पष्ट केलं आहे. ती नियमाने आणि नोंदीने मिळते. साधा दर शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के. दिव्यांग लेकराला नियमाप्रमाणे ती आयुष्यभर मिळू शकते. त्याचीही नोंद आईवडील असतानाच करून घ्या.

घर, शेत, बँकेतल्या ठेवी यांचं वेगळं. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. तो पैसे स्वीकारतो, हक्क वारसांचा असतो. हिंदू वारसा कायद्यात मृत्युपत्र नसेल तर बायको आणि मुलामुलींइतकाच हिस्सा म्हाताऱ्या आईलाही आहे, हे पुष्कळांना माहीत नसतं. प्रत्यक्ष लढाईवरच्या सैनिकाचं तोंडी मृत्युपत्रही कायदा मानतो. घरी परतलेल्याला मात्र ते लिहून, दोन साक्षीदारांसमोर सही करावी लागते. त्याला स्टॅम्प लागत नाही, नोंदणीची सक्तीही नाही.

तेव्हा फौजी भाऊ, आज रात्री ट्रंक उघडा. वहिनींना शेजारी बसवा. पीपीओ आणि त्यांचं आधार कार्ड एकमेकांशेजारी ठेवून नाव आणि जन्मतारीख अक्षर अन् अक्षर ताडून पाहा. फरक दिसला, तर दोन्ही कागद घेऊन चंद्रपूरचं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय गाठा. आणि जाताना वहिनींना सोबत न्या.