चिलीचा समुद्र आणि माशांचे औषध



आजारी माशाला औषध देण्यात आक्षेपार्ह काही नाही. प्रश्न आहे तो पाण्याचा. समुद्रात जाळ्यांचे पिंजरे सोडून त्यांत हजारो मासे कोंडले आणि खाद्यात मिसळून प्रतिजैविके दिली, की उरलेल्या खाद्यावाटे व विष्ठेवाटे त्यांतील बराच भाग तळाच्या गाळात उतरतो. तेथील जे जिवाणू औषधाला दाद देत नाहीत तेच टिकतात व वाढतात. शिवाय प्रतिकाराची ही जनुके एका जातीचा जिवाणू दुसऱ्या जातीच्या जिवाणूला देऊ शकतो. माशाचा जिवाणू माणसाला बाधलाच पाहिजे असे नाही. त्याचे हत्यार माणसाच्या जिवाणूच्या हाती गेले तरी पुरे.

चिलीच्या सॅल्मन-शेतीत २०१४ साली ५६० टनांहून अधिक प्रतिजैविके वापरली गेली. त्याच वर्षी नॉर्वेने चिलीहून अधिक सॅल्मन पिकवला आणि त्याला सुमारे अर्धा टन औषध पुरले. नॉर्वेचे भांडवलदार उपजत सज्जन आहेत, असे समजण्याचे कारण नाही. १९८७ साली तेथेही सुमारे पन्नास टन औषध समुद्रात जात होते. पुढे परिणामकारक लसी आल्या व वापर कोसळला. चिलीतही नॉर्वेच्या मालकीच्या कंपन्या धंदा करीत होत्या, हे येथे ध्यानात घ्यावे.

यावर कंपन्यांचे एक उत्तर आहे, आणि ते अगदीच खोटे नाही. चिलीत मुख्यतः पिसिरिकेट्सिया या जिवाणूचा रोग होतो. हा जिवाणू माशाच्या पेशींत दडून राहतो; त्यामुळे लस पुरेशी लागू पडत नाही. मान्य. पण लस पुरी पडत नसेल तर पिंजऱ्यांतील दाटी कमी करता येते. तसे केल्यास उत्पन्न घटते, म्हणून औषधाचाच मार्ग सोयीचा ठरतो. त्यांचा दुसरा युक्तिवाद असा की, तेथे सर्वाधिक वापरले जाणारे फ्लोरफेनिकॉल माणसांना देतच नाहीत. परंतु त्याला निकामी करणारे एक जनुक, माणसांना दिल्या जाणाऱ्या क्लोरॅम्फेनिकॉललाही निकामी करते! मासा बहुतांशी परदेशी जातो. गाळ मात्र चिलीच्या किनाऱ्यालगतच राहतो.

कोणती कंपनी किती औषध वापरते, हे तेथील नागरिकांना सांगण्यासही कंपन्यांचा विरोध होता. ते आकडे उघड व्हावेत म्हणून ओशियाना या संस्थेला न्यायालयात जावे लागले. २०१६ साली निकाल तिच्या बाजूने लागला.