घरांतील आगगाडीवर उजेड कसा पाडावा

पाचोऱ्याहून जामनेरास जाणारी अरुंद रुळांची गाडी १९१८-१९ च्या सुमारास सुरू झाली आणि २०२० सालीं बंद पडली. वरखेडी, शेंदुर्णी, पहूर अशीं गांवें जोडणारा तो ५६ किलोमीटरांचा लोहमार्ग शंभर वर्षें खानदेशाच्या दिनक्रमाचा एक भाग होता. त्यानंतर जन्मलेल्या मुलास तो ऐकूनच माहीत. अशा वेळीं जळगांवांतील एखाद्या निवृत्त गृहस्थानें, नातवास ती गाडी निदान लहान आकारांत तरी दिसावी म्हणून, घरच्या एका खोलींत ती मांडावयाचें मनांत घेतलें तर त्यांत नवल नाहीं. रूळ, डबे, इंजिन यांचा विचार तो महिनेच्या महिने करतो. दिव्यांचा विचार मात्र सर्वांत शेवटीं होतो, आणि तोहि बाजारांत जें मिळेल तें आणून. सर्व श्रमांवर पाणी पडतें तें पुष्कळदां येथेंच.

आकारमानासाठीं १:८७ हें प्रमाण सोयीचें पडतें. पाचोरा-जामनेर मार्गाचे ७६२ मिलिमीटरांचे रूळ त्या प्रमाणांत सुमारें ९ मिलिमीटरांवर येतात, आणि तेवढ्या अंतराचे तयार रूळ विकत मिळतात. धुळ्याच्या घरीं कोणी १९०० सालीं सुरू झालेला चाळीसगांव-धुळें फांटा मांडूं पाहील, तर त्याची अडचण थोडी निराळी. त्या रुंद मार्गाचे १६७६ मिलिमीटर १९ मिलिमीटरांवर येतात, आणि बाजारांतील रूळ साडेसोळा मिलिमीटरांचे असतात. हा दोष कोणताहि दिवा झांकूं शकत नाहीं. तो सोसावाच लागतो. पाचोऱ्याचा सगळा मार्ग याच प्रमाणांत ६४४ मीटर भरेल! तेव्हां घरांत मावेल तें एक स्टेशन, एखादा पूल, थोडीं शेतें. शेंदुर्णी घ्यावी कीं पहूर, हा ज्याच्या त्याच्या आठवणींचा प्रश्न. फलाटावरचा माणूस १९ मिलिमीटर उंच होतो. एवढ्या लहान वस्तूंवर उजेड पाडणें हें खोली उजळण्याहून अगदीं वेगळें काम आहे.

खानदेशांत त्यांत आणखी एक गोष्ट येते. एप्रिल-मे महिन्यांत जळगांवास पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. सकाळ सरली कीं खिडक्या लागतात, वाळ्याचे पडदे सुटतात, कूलर सुरू होतो आणि भर दुपारीं घरांत काळोख असतो. मुलांची सुटी नेमकी तेव्हांच. म्हणजे येथील मांडणीस सूर्यप्रकाशाचा भरंवसा धरतां येत नाहीं. ती भर मध्यान्हींहि दिव्यावरच जगावयाची. शिवाय खिडकींतून येणारें ऊन रंग उडवितें तें निराळेंच. जुन्या पिवळ्या बल्बांत विजेचा बहुतेक भाग उष्णतेंत जातो. बंद खोलींत ६० वॅटांचे दहा बल्ब लावणें म्हणजे ६०० वॅटांची शेगडी पेटविणेंच होय. तेवढ्याच उजेडाचा एलईडी दिवा ८ ते १० वॅटांत भागवितो. तेव्हां दिवा कोणत्या जातीचा, हा प्रश्न आज फारसा उरलेला नाहीं. तो कोठें लावावा आणि कोणत्या रंगाचा घ्यावा, हे दोनच उरतात.

छताच्या मध्यावरची नळी पाहणाऱ्याच्या पाठीमागें राहते. आजोबा डबा रुळावर ठेवावयास वांकले कीं त्यांचीच सावली स्टेशनावर पडते, आणि शेंदुर्णीवर ढग आल्यासारखें होतें. दिवे मागच्या भिंतीजवळ लावले तर घरांच्या मागच्या बाजू उजळतात आणि पाहणाऱ्यास सावलींतल्या भिंती दिसतात. योग्य जागा एकच: मांडणीच्या दर्शनी काठावर, पृष्ठभागापासून ६०-७० सेंटिमीटर उंच, आणि पुढें एक आडवी फळी, म्हणजे दिवा डोळ्यांत येत नाहीं. सुटे बल्ब ओळीनें लावण्याचा मोह होतो, तो टाळावा. सिग्नलच्या एका खांबास तीन सावल्या पडल्या कीं लहान मूलहि ओळखतें, येथें सूर्य एक नाहीं. सलग पट्टी, वर दुधी झांकण, हें बरें. पट्टी उंच नेली तरी फारसें बिघडत नाहीं. अंतर दुप्पट झालें तर लांब पट्टीचा उजेड साधारण निम्मा होतो, एकट्या दिव्याचा मात्र चौथाईवर येतो. मागच्या रंगविलेल्या आकाशापासून झाडें वीतभर पुढें आणावीं. निंबाची सावली आकाशावर पडलेली फारच विचित्र दिसते.

रंगाची निवड अधिक नाजूक. दिव्याच्या रंगाचें माप केल्विनांत देतात: २७०० म्हणजे जुन्या बल्बासारखा पिवळसर, ४००० म्हणजे सकाळच्या उन्हाजवळचा, ६५०० म्हणजे निळसर पांढरा. दुकानदार बहुधा हा शेवटचा काढून देतो, कारण तो अधिक लख्ख वाटतो. दवाखान्यास तो शोभेल. खानदेशास शोभत नाहीं. त्याखालीं काळी जमीन निळसर राखेसारखी दिसते आणि केळीच्या बागेस आजारी कळा येते. दिवसाच्या देखाव्यास ४००० ते ५००० पुरे. केल्विनांहून महत्त्वाचा आंकडा वेष्टनावर बारीक अक्षरांत असतो, तो सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतील याचा गुणांक. तो १०० पैकीं ९० च्या वर असावा. स्वस्त एलईडींत तांबडा रंग दुबळा असतो. सिग्नलचा हात, स्टेशनाचीं कौलें, बायकांचीं लुगडीं सारीं मळकट होतात. कित्येक लोक मग तो दोष रंगाच्या डबीस देतात आणि नवी डबी आणतात.

येथें आजोबांच्या डोळ्यांची गोष्ट निघते. साठीच्या माणसाच्या नेत्रपटलावर विशींतल्या माणसाच्या मानानें साधारण एकतृतीयांशच उजेड पोंचतो. नातवास जो भरपूर वाटतो तो त्यांस तिन्हीसांजेसारखा. मग ते हातानें रंग भडक लावतात, कौलें शेंदरी करतात, आणि नातू हळूच म्हणतो कीं, "आजोबा, खरें स्टेशन असें नव्हतें ना?" फोटो तर दोघांनींहि पाहिलेला असतो. उपाय सोपा आहे. रंगकामाच्या टेबलावर मांडणीवरचीच पट्टी लावावी, मात्र दुप्पट. जात तीच ठेवावी. एका जातीच्या उजेडांत जुळलेले दोन रंग दुसऱ्या जातीच्या उजेडांत वेगळे पडतात.

रात्रीचा देखावा हें खरें आकर्षण. पुण्यास कोथरुडांत भाऊसाहेब जोशी यांचें लघुरेल्वे संग्रहालय १९९८ सालीं लोकांस खुलें झालें. तेथें खोलींतले दिवे मंद होऊन लहान शहराचे दिवे लागतात, तेव्हां मुलांइतकेच मोठेहि स्तब्ध होतात. घरीं हें करतांना दिवे थोडे आणि अगदीं मंद ठेवावे. १२ व्होल्टांवर पांढरा एलईडी लावला कीं त्यावर सुमारें ३ व्होल्ट खर्च होतात. उरलेल्या ९ व्होल्टांसाठीं १८०० ओमांचा रेझिस्टर घातला तर ५ मिलिअँपियर प्रवाह मिळतो. आडगांवच्या कंदिलास तोहि जास्तच. ४५०० ओम, म्हणजे २ मिलिअँपियर, पाहावे. घरांच्या भिंती आंतून काळ्या रंगवाव्या, नाहीं तर प्लास्टिकची सबंध इमारतच काजव्यासारखी चमकते.

मुख्य मार्गावरच्या जुन्या हाताच्या सिग्नलांत रात्रीं रॉकेलची बत्ती असे. ज्योत पिवळी असल्यानें हिरव्या खुणेची कांच मुद्दाम निळसर करीत. पिवळ्यावर निळें पडून दुरून हिरवें दिसे. त्या कांचेमागें पांढराशुभ्र एलईडी ठेवणारास खूण निळी दिसेल, आणि तो कांच बदलीत बसेल. बदलावयाचा असतो दिवा: २२०० केल्विनांजवळचा, अंबर छटेचा.

मांडणीवर २३० व्होल्टांची तार कधींहि नेऊं नये. भिंतीजवळ चांगला अडॅप्टर, तेथून पुढें १२ व्होल्ट. पांच मीटरांच्या पट्टीचें दुसरें टोक मंद दिसलें तर वीज दोन्ही टोकांनीं द्यावी. वीज गेल्यावरहि गाडी दिसावी म्हणून कोणी इन्व्हर्टरच्या बॅटरीवरून सरळ तार आणतात. १२ व्होल्ट म्हणजे निरुपद्रवी, ही समजूत धोक्याची. शॉर्ट झाल्यास ती बॅटरी तार लाल होईपर्यंत प्रवाह देते. फ्यूज बॅटरीच्या अगदीं टोंकाशीं असल्याखेरीज हा उद्योग मुलांच्या खोलींत करूं नये.

राहिला शेवटच्या डब्याचा तांबडा दिवा. गाडी पुढें गेल्यावर तो दिसला, म्हणजे मागें एकहि डबा न सोडतां ती पुरी गेली असें स्टेशनावर समजतात. लहान गाडींत वीज रुळांतून चाकांवाटे येते, आणि खानदेशी धुळीचा कण आडवा आला कीं हा दिवा लुकलुकतो. एलईडीजवळ लहानसा कपॅसिटर डाख देऊन बसविला तर तो क्षणभराची वीज सांठवून ठेवतो. रूळ मात्र आठवड्यास एकदां पुसावेच लागतात. तें काम नातवाकडे द्यावें.