उशाशी उभं राहण्याची परीक्षा



अमेरिकेत ऑपरेशनच्या टेबलावर पेशंटच्या उशाशी उभं राहून भूल देणारी व्यक्ती पुष्कळदा डॉक्टर नसते, नर्स असते. हे सांगितलं की आपल्याकडे लगेच विचारतात, 'म्हणजे भूलतज्ज्ञांच्या हाताखालची का?' काही ठिकाणी ती भूलतज्ज्ञ डॉक्टरांच्या बरोबरीने काम करते. खेड्यापाड्यांतल्या अनेक छोट्या हॉस्पिटलांत मात्र भूल देणारी तीच एकटी असते. रात्री बाळंतीण अडली, सिझर करायचं ठरलं, की फोन तिलाच जातो.

ही परंपरा जुनी आहे. मिनेसोटातल्या रॉचेस्टरला सर्जन मेयो बंधूंकडे ॲलिस मगॉ नावाच्या नर्स होत्या. तोंडावरच्या मास्कवर थेंबाथेंबाने ईथर टाकायचं आणि पेशंटशी सतत बोलत राहायचं, ही त्यांची पद्धत. 1906 साली त्यांनी चौदा हजारांहून अधिक भुलींचा अनुभव छापला, आणि त्यांत भुलीमुळे झालेला मृत्यू एकही नव्हता. त्या काळात ना मॉनिटर होता, ना बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र. होतं ते फक्त श्वासावरचं, रंगावरचं, डोळ्यांच्या बाहुल्यांवरचं लक्ष. पुढे 1931 मध्ये ॲगथा हॉजिन्स यांनी भूल देणाऱ्या नर्सेसची राष्ट्रीय संघटना उभी केली. नर्सने भूल देणं म्हणजे बेकायदा डॉक्टरी, असा दावा कॅलिफोर्नियात डॅगमार नेल्सन या नर्सवर झाला होता. 1936 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल त्यांच्या बाजूने दिला.

आता अशी भूल देणारी नर्स होण्याच्या शिक्षणाला अमेरिकेत प्रवेश कसा मिळतो ते पाहू. इथे नर्सिंगच्या मुली बऱ्याच दिसताहेत, आणि त्यांचे आईवडीलही, म्हणून तपशिलात सांगते.

2022 पासून या अभ्यासक्रमात नव्याने दाखल होणाऱ्या प्रत्येकाला डॉक्टरेटच करावी लागते. किमान तीन वर्षं, पूर्णवेळ. या काळात बहुतेकांना नोकरी करता येत नाही. पगार बंद, फी चालू, त्यामुळे घरात आधी मोकळेपणाने बोलून घ्यावं लागतं. पात्रता म्हणजे पदवी, अमेरिकेतलं नर्सिंगचं विनाअट लायसन्स आणि अतिदक्षता विभागातला किमान एक वर्षाचा पूर्णवेळ अनुभव. नुसता जीएनएमचा डिप्लोमा पुरत नाही, त्यावर पोस्ट बेसिक बी.एस्सी. करावं लागतं. आणि एक गोष्ट आपल्या मुलींना फार उशिरा कळते: हा आयसीयूचा अनुभव अमेरिकेतलाच लागतो. मुंबईत, पुण्यात व्हेंटिलेटरवरचे कितीही पेशंट सांभाळलेले असोत, ती वर्षं या मोजणीत धरत नाहीत. मला हा नियम कठोर वाटतो, पण तो आहे. तेव्हा क्रम असा: एनसीएलएक्स ही लायसन्सची परीक्षा, तिथली आयसीयूची नोकरी, आणि मगच अर्ज.

एक वर्ष हे झालं किमान. जागा थोड्या आणि अर्ज फार, त्यामुळे निवड होणाऱ्यांचा अनुभव सहसा त्याहून जास्त असतो. हृदयशस्त्रक्रिया किंवा ट्रॉमाच्या आयसीयूत काम मिळालं तर उत्तम. सीसीआरएन ही अतिदक्षता नर्सिंगची परीक्षा अनेक कॉलेजांना अपेक्षित असते. तिला बसायच्या एका मार्गात आधीच्या दोन वर्षांत गंभीर पेशंटांच्या थेट शुश्रूषेचे 1,750 तास लागतात, त्यांतले निम्मे अलीकडच्या वर्षातले. मार्कांत विज्ञानाचे विषय वेगळे काढून पाहतात. पहिल्या वर्षी रसायनशास्त्र घसरलं असेल तर रडत बसू नका. कम्युनिटी कॉलेजात तो विषय पुन्हा घ्या, नाहीतर पदव्युत्तर पातळीचं फार्माकॉलॉजी करून चांगली श्रेणी आणा. निवड समितीला ती सुधारणा दिसते.

पण खरी निवड मुलाखतीत होते. तिथे कसलं पाणी जोखतात, ते एका उदाहरणाने सांगते. समजा तुम्हाला विचारलं: बायपास होऊन पेशंट आयसीयूत आला आहे. छातीतल्या नळीतून तासाला शंभर-दीडशे मिलिलिटर रक्त येत होतं, ते एकदम थांबलं. बीपी पडतंय, नाडी धावतेय, सीव्हीपी, म्हणजे मोठ्या शिरांतला दाब, मात्र चढतोय. काय कराल?

कच्ची नर्स म्हणेल, रक्तस्राव थांबला, बरं झालं; बीपीसाठी नॉरॲड वाढवते. इथेच ती अडकते. नळीत गुठळी अडकली आहे. रक्त थांबलेलं नाही, ते हृदयाभोवती साठतंय. हृदयाला फुलायला जागा नाही, म्हणून ते भरत नाही. आत जाऊ न शकलेलं रक्त शिरांत तुंबतं, म्हणून सीव्हीपी चढतो. नळी तपासायची, सर्जनला त्याच क्षणी बोलवायचं, रक्त मागवायचं, छाती पुन्हा उघडायची तयारी ठेवायची. मग समोरचे विचारतात, 'नाडी एवढी पळतेय, ती कमी करायचं औषध द्याल?' मुळीच नाही. प्रत्येक ठोक्याला रक्त थोडंच बाहेर पडतंय, त्यामुळे सगळा प्रवाह त्या वेगावर टिकून आहे.

हे क्लासच्या नोट्सवरून पाठ करता येतं, पण तेवढ्यावर निभावत नाही. पाठांतर केलेली मुलगी पहिलं उत्तर देते, दुसऱ्या 'का'ला गडबडते. माझं कळकळीचं सांगणं आहे, ड्यूटीवर हातातलं प्रत्येक ड्रिप सुरू करताना स्वतःला विचारा: हे कुठल्या रिसेप्टरवर काम करतंय, याच पेशंटला हेच का, आणि दुप्पट केलं तर काय बिघडेल? डॉक्टर राउंडला आले की बाजूला उभ्या राहू नका, विचारा. आपल्याकडे नर्सने प्रश्न विचारला की आगाऊपणा समजतात. त्या सवयीमुळे हुशार मुली मुलाखतीत खाली मान घालून बसतात, आणि ते पाहून माझा जीव तुटतो. ऑपरेशन थिएटरमध्ये 'थांबा, बीपी पडतंय' असं सर्जनला मोठ्याने सांगायचं असतं. तो आवाज तिच्याकडे आहे का, हे समितीला बघायचं असतं. आणि येत नसेल तिथे 'मला माहीत नाही, मी सीनियरला बोलावेन' हे सरळ सांगता येतं का, तेही.

अर्जापूर्वी भूल देणाऱ्या एखाद्या नर्सबरोबर थिएटरमध्ये दिवसभर उभ्या राहा. कित्येक कॉलेजं ते मागतातच. पेशंट झोपल्यावरचे तासन्‌तास काय करायचं असतं, हे तिथेच कळतं. कुणाला ते सोसत नाही, तेही वेळीच कळलेलं चांगलं. शिफारसपत्र ज्यांनी तुमचं काम रोज पाहिलं त्यांचंच घ्या, मोठ्या पदाच्या मागे लागू नका. पहिल्या वेळी नकार आला तर कॉलेजला विनयाने लिहा, काय कमी पडलं ते विचारा. काही कॉलेजं सांगतात, आणि त्याप्रमाणे वर्षभर काम करून पुन्हा अर्ज करणाऱ्यांना प्रवेश मिळालेले मी पाहिले आहेत.

आता प्रश्नोत्तरं घेऊ. ज्यांनी मार्कलिस्ट आणल्या आहेत त्यांनी पुढे या. विज्ञानाचे विषय आधी पाहू.