कवटीवरून गुन्हेगार?

इटलीतील डॉक्टर चेझारे लोम्ब्रोसो यांना विलेल्ला नावाच्या कैद्याच्या कवटीत, मागील बाजूस, एक खळगा आढळला. त्यावरून गुन्हेगार हा जन्मतःच तसा असतो, असा सिद्धांत त्यांनी १८७६ साली ग्रंथरूपाने मांडला. मोठा जबडा, लांब हात ही म्हणे त्याची लक्षणे! मग तशा चेहऱ्याच्या निरपराध माणसाने जावे कोठे?

इंग्लंडमधील तुरुंगाचे डॉक्टर चार्ल्स गोरिंग यांनी सुमारे ३,००० कैद्यांची मोजमापे घेऊन ती सैनिक, विद्यार्थी आदींशी ताडून पाहिली. गुन्हेगारांचा असा स्वतंत्र शारीरिक प्रकार नाहीच, हे त्यांनी १९१३ साली दाखवून दिले. तथापि आनुवंशिक बुद्धिमांद्याचा आग्रह त्यांनाही सुटला नाही; दारिद्र्य आणि संगत यांना त्यांनी गौणच लेखले.

विलेल्लाची ती कवटी आज तुरिनच्या संग्रहालयात आहे. लोम्ब्रोसो यांच्याच इच्छेनुसार जतन केलेला त्यांचा सांगाडाही तेथेच आहे.