सव्विसावं नाव

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू इंजिनिअर आहेस, अमेरिकेत असतेस, मुलांना यशाबद्दल चार शब्द सांग." यशाबद्दल बोलणारे आज व्यासपीठावर पुष्कळ आहेत. मी एका यादीबद्दल बोलणार आहे. खरं म्हणजे, यादीत नाव नसण्याबद्दल.

मी ॲरिझोनात, फिनिक्स शहराजवळ राहते. अमेरिकेत बेसबॉलचे ३० मोठे संघ आहेत. त्यांतले १५ संघ दर वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये आमच्या आसपासच्या गावांत सरावाला येतात, उरलेले १५ फ्लोरिडात जातात. माझ्या मुलाला या खेळाचं वेड. त्याला सराव सामने दाखवायला मीच नेते. मैदानाच्या कडेला हिरवळीचा उतार असतो, तिथे चादर पसरून बसायचं. पहिली दोन वर्षं मी तिथे बसून नुसतं पुस्तक वाचत होते. एकदा सामना निम्म्याच्या पुढे गेल्यावर सगळे नावाजलेले खेळाडू आत निघून गेले आणि पाठीवर ८७, ९१, ९४ असे आकडे असलेली पोरं मैदानात आली. मी म्हटलं, "आता काय राहिलं? चला घरी." मुलगा म्हणाला, "आई, आता तर खरं सुरू होतं. यांची परीक्षा चालू आहे."

त्या दिवशी मी पुस्तक मिटलं.

ती परीक्षा अशी असते. फेब्रुवारीत एकेका संघाच्या सरावाला साठ-सत्तर खेळाडू येतात. मार्चच्या अखेरीस हंगामाचा पहिला सामना असतो, त्याला 'ओपनिंग डे' म्हणतात. त्या दिवशी यादीत नावं राहतात फक्त २६. त्यांत पिचर, म्हणजे आपल्या भाषेत गोलंदाज, जास्तीत जास्त १३. हंगाम १६२ सामन्यांचा, जवळजवळ रोज सामना, त्यामुळे एवढे पिचर लागतातच. पहिली वीसेक नावं कुणीही सांगेल. खरी ओढाताण असते ती शेवटच्या तीन-चार जागांसाठी.

आणि तिथे गुणांची बेरीज चालत नाही. मी दिवसभर संगणकाला नियम शिकवणारी बाई, त्यामुळे हे मला फार विलक्षण वाटलं. समजा दोन फलंदाज आहेत. एक २४ वर्षांचा, महिनाभर सुंदर खेळलेला. दुसरा २८ चा, बेताचा. यादीत दुसरा येऊ शकतो! कारण नियम असा, की संघाच्या ४० जणांच्या मोठ्या यादीतल्या खेळाडूला तीन वेगवेगळ्या हंगामांत खालच्या, म्हणजे मायनर लीगच्या संघात सहज पाठवता येतं. याला 'ऑप्शन' म्हणतात. ते तीन हंगाम संपले की त्याला खाली पाठवण्याआधी बाकीच्या संघांपुढे ठेवावं लागतं, आणि कुणीही त्याला उचलू शकतं. मग व्यवस्थापक विचार करतो: तरुणाला खाली पाठवलं तरी तो माझाच राहतो, दुसऱ्याला पाठवलं तर तो जातो. म्हणून चांगला खेळलेला मुलगा सामान बांधतो.

कधी डावखुरा हवा असतो म्हणून उजव्या हाताचा जातो. कधी दोन जागा सांभाळू शकणारा राहतो आणि एकाच जागेचा उत्तम खेळाडू जातो. कधी कुणाचा स्नायू दुखावतो आणि आदल्या रात्री सामान बांधलेला मुलगा राहतो.

यात पणाला काय लागतं तेही ऐका. २०२३ साली या २६ जणांत असलेल्याला वर्षाला किमान ७ लाख २० हजार डॉलर मिळत होते. त्याच वर्षी मायनर लीगच्या खेळाडूंचा पहिला सामूहिक करार झाला. त्यानुसार, मोठ्या यादीत नसलेल्या खेळाडूला मायनरच्या सगळ्यांत वरच्या पायरीवर किमान ३५,८०० डॉलर. एका नावापुरतं अंतर, आणि फरक वीस पटींचा.

२०१५ सालची गोष्ट सांगते. शिकागो कब्ज हा संघ आमच्या शेजारच्या मेसा गावात सरावाला येतो. त्यांच्याकडे क्रिस ब्रायंट नावाचा २३ वर्षांचा मुलगा होता. त्या वर्षीच्या सराव सामन्यांत त्याने ९ होम रन मारले, ३० संघांत सर्वांत जास्त. यादी लागली तेव्हा त्याचं नाव नव्हतं. संघाने सांगितलं, त्याचं क्षेत्ररक्षण अजून सुधारायला हवं. १७ एप्रिलला त्याला वर बोलावलं. आता हिशेब बघा. मोठ्या संघातले १७२ दिवस भरले की नोकरीचं एक पूर्ण वर्ष धरतात आणि अशी सहा वर्षं झाली की खेळाडू मोकळा होतो, हव्या त्या संघाशी करार करू शकतो. त्या वर्षी ब्रायंटचे दिवस भरले १७१. एक दिवस कमी! संघाला तो आणखी एक वर्ष मिळाला. खेळाडूंच्या संघटनेने दाद मागितली, २०२० मध्ये ती फेटाळली गेली. दरम्यान ब्रायंट २०१५ चा सर्वोत्तम नवोदित ठरला होता आणि २०१६ मध्ये संघाने १०८ वर्षांनी विजेतेपद मिळवलं, तेव्हा शेवटचा चेंडू अडवून फेकणाराही तोच होता. पुढे २०२२ च्या करारात नियमच बदलला. आता सर्वोत्तम नवोदितांच्या मतदानात पहिल्या दोघांत येणाऱ्याला पूर्ण वर्ष धरतात.

नियम बदलता येतात. पण यादी कुणीतरी करावीच लागते, आणि २६ म्हणजे २६. सत्ताविसावा कुणीतरी असतोच.

हे सगळं मी आवडीने वाचत होते, मुलाबरोबर वाद घालत होते. आणि मग एक दिवस यादी करायची पाळी माझ्यावर आली.

तीन वर्षांपूर्वी मी एका कंपनीत अकरा जणांच्या गटाची प्रमुख होते. वरून आदेश आला, आठच ठेवायचे. मी रीतसर तक्ता केला, रकाने आखले, गुण दिले. दोन नावं सरळ निघाली. तिसऱ्या नावासाठी दोघे उरले. एक जुनी प्रणाली एकट्याने सांभाळणारा, दुसरा एक तरुण मुलगा, माझ्या गटातला सर्वांत हुशार. जुनी प्रणाली बंद पडून चालणार नव्हतं. मी तरुणाचं नाव दिलं. आजही मला तो निर्णय चुकीचा वाटत नाही.

चूक पुढे झाली. त्याला पहाटे ईमेलने कळलं. आधी काही बोलायचं नाही, अशी मला सूचना होती, ती मी पाळली. पण नंतर मला कुणीच अडवलं नव्हतं, तरी मी फोन केला नाही. दोन आठवड्यांनी त्याचाच आला. त्याने एवढंच विचारलं, "माझं काय चुकलं?" याचं उत्तर दोन शब्दांचं होतं: काहीच नाही. मी मात्र त्याला परिपत्रकातली वाक्यं ऐकवली.

बेसबॉलमध्ये रीत अशी, की कापायच्या खेळाडूला प्रशिक्षक खोलीत बोलावतो, दार लावतो, समोर बसवतो आणि स्वतः सांगतो. तू का नाहीस, पुढे काय कर. कठोर धंदा आहे तो, पण एवढं करतात. फोन ठेवल्यावर मला ती खोली आठवली. आणि तिच्याही आधीची एक खोली आठवली, याच शाळेतली.

आठवीत होते मी. खो-खोचा संघ निवडायचा होता, बारा मुलींचा. यादी फळ्यावर लागायच्या आदल्या दिवशी बाईंनी मला खेळाच्या सामानाच्या खोलीत बोलावलं. दोऱ्या, चुन्याची पोती, लेझमांचा ढीग. मला एका पोत्यावर बसवलं आणि म्हणाल्या, "तू तेरावी आहेस. साखळी तू छान पळतेस, पण तशा माझ्याकडे चौघी आहेत. मला खांबावर झेपावून गडी टिपणारी हवी आहे. तू कमी पडलीस असं घरी जाऊन म्हणू नकोस. आणि उद्यापासून सरावाला यायचंच आहे."

मी खूप रडले. दुसऱ्या दिवशी सरावाला गेले. गोष्टीत शोभेल असं पुढे काही झालं नाही. कुणी आजारी पडलं नाही, मला वर्षभर एकही सामना खेळायला मिळाला नाही. पण मी नालायक आहे, असं मला एक दिवसही वाटलं नाही. बाईंची पाच मिनिटं गेली असतील त्यात.

आपल्या तुकडीतले बरेच जण आता यादी करणाऱ्या बाजूला आहेत. कुणी मुख्याध्यापक, कुणी बँकेत साहेब, कुणाचा कारखाना. तुम्हाला नावं गाळावीच लागतील, त्याला इलाज नाही. फक्त त्या माणसाला फळ्यावर कळू देऊ नका. समोर बसवा, खरं कारण सांगा. आणि मुलांनो, तुमचं नाव नसेल तेव्हा कारण विचारा. बऱ्याचदा ते तुमच्यात नसतं.

इथे यायच्या आधी मी त्या मुलाला फोन केला. तो आता दुसरीकडे चांगल्या जागी आहे. म्हटलं, "तुझं काहीच चुकलं नव्हतं. हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं." तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "हो, सांगायला हवं होतं." माफ केलं असं काही तो म्हणाला नाही, आणि मी तशी अपेक्षाही केली नाही.

बाई, तुम्ही आज पहिल्या रांगेत बसला आहात. तुम्हाला ती खोली आठवत असेल-नसेल. दर वर्षी कुणी ना कुणी तेरावी असणारच. मला आठवते. तुमचे आभार मानायला मला एवढी वर्षं लागली.