पस्तीस अडथळे
(पालक मेळाव्यात केलेले भाषण)



दूरदेशीच्या थोर पुरुषांची उदाहरणे देण्यासाठी मी उभा राहिलेलो नाही. आपल्याच आष्टी तालुक्यातील मांडवा गावच्या एका शेतकऱ्याच्या मुलाविषयी बोलावयाचे आहे. अविनाश साबळे हे नाव आज तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. पण शाळेसाठी सहा किलोमीटरची वाट कधी चालत, कधी पळत तुडवणारा तो मुलगा तेव्हा कोणाच्या नजरेत भरला होता? बारावीनंतर तो सैन्यात, महार रेजिमेंटमध्ये गेला. सियाचीनचा बर्फ आणि राजस्थानचे वाळवंट पाहिले. शर्यतीत उतरला तो २०१५ साली, वयाची विशी गाठल्यावर. "पोराचे वय निघून गेले" असे म्हणणाऱ्या पालकांनी हे साल ध्यानात ठेवावे.

त्याची शर्यत तीन हजार मीटर स्टीपलचेसची. २८ वेळा आडवे लाकूड ओलांडावयाचे आणि ७ वेळा पाण्याच्या खड्ड्यावरून उडी घ्यावयाची. लाकूड कमरेइतके उंच आणि भक्कम. धक्का लागला तर ते पडत नाही, धावणारा पडतो. पुढची धाव ओल्या बुटांनी.

२०१८ साली भुवनेश्वरला त्याने गोपाल सैनी यांचा १९८१ चा राष्ट्रीय विक्रम मोडला. वेळ ८ मिनिटे २९.८० सेकंद. २०२४ साली पॅरिसला वेळ झाली ८ मिनिटे ९.९१ सेकंद. सहा वर्षांची मेहनत, आणि कमाई वीस सेकंदांनाही थोडी कमीच! आपण मात्र सहामाहीचे गुण वार्षिक परीक्षेत वाढले नाहीत की मुलाला बोल लावतो.

मधल्या काळात २०१९ साली दोह्याच्या जागतिक स्पर्धेत, प्राथमिक फेरीत, इतर धावपटूंमुळे त्याच्या वाटेत अडथळा आला. तो थांबला नाही. उलट राष्ट्रीय विक्रम केला. भारतीय संघाची तक्रार मान्य झाली आणि तो अंतिम फेरीत धावला. २०२२ ला बर्मिंगहॅमला रौप्य, २०२३ ला हांगझोऊला सुवर्ण, हे तुम्ही वर्तमानपत्रांत वाचलेच आहे.

आता माझी एक चूक सांगतो. दहावीत गणितात नापास झालेल्या एका मुलाच्या वडिलांना "याला गॅरेजवर लावा" असे मीच सांगितले होते. त्याची वही मी उघडून पाहिली नव्हती. परवा पाहिली. रीत बरोबर, हातचा घेताना घाई. एवढ्यासाठी मुलगा आज पंक्चर काढतो आहे! मला पाहून त्याने हात पुसले आणि विचारले, "सर, फॉर्म भरायची तारीख गेली का?" तारीख गेलेली नाही. अब्बा नाही म्हणत नाहीत, पण दुकानात हाताखाली कोण, असे विचारतात. त्यांचा प्रश्न खोटा नाही.

म्हणून सोमवारपासून सायंकाळी सहा ते आठ मी शाळेत बसणार आहे. ज्यांची मुले एखाद-दुसऱ्या विषयात अडकली आहेत त्यांनी पाठवावीत. मुलींनाही पाठवावे, घरचे कोणी सोबत येऊन बसले तरी चालेल. फी नाही. येताना जुनी वही मात्र आणावी, नापास झालेल्या वर्षाची.